साहेबाला ऊन लागलं

१५ एप्रिल, मंगळवार

कालच्या जयंतीच्या मिरवणुकीत नाचून नाचून सगळी कॉलनी आज आडवी पडलीय. मी गेले नव्हते. मोनालीचा फोन आला, "आई, गेली होतीस का नाही?" म्हटलं, गुडघे दुखतात. खरं कारण पोरीला काय सांगू? ह्यांच्याशिवायची पहिली जयंती. निळा फेटा कपाटात घडी घातलेला आहे, त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. मोनाली म्हणते, मनात साठवू नको, लिहीत जा. म्हणून हे लिहिणं.

ऊन तर असलं पडलंय की पडेगावच्या रस्त्यावर चप्पल डांबराला चिकटते. साहेब दुपारभर जीभ काढून पडला होता. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. नाव ह्यांनीच ठेवलेलं. शेंद्र्याच्या कंपनीत जन्मभर साहेबांची बोलणी खाल्ली, म्हणून घरी आले की ओरडायचे, "साहेब, बस! साहेब, गप!" आणि स्वतःच पोट धरून हसायचे.

ती लोंबणारी जीभ बघून गेल्या सालचं आठवलं. ह्यांनाही असंच ऊन लागलं. सिल्लोडला भाच्याचं लग्न होतं. निघताना मी दरवर्षीसारखा शर्टाच्या खिशात कांदा घातला. ह्यांनी तो काढून चपलांच्या स्टँडवर ठेवला. म्हणाले, "लग्नात काय कांद्याचा वास घेऊन फिरू? अडाणीपणा आहे सगळा." वरातीत भर उन्हात उघड्या डोक्यानं उभे राहिले, तिथंच कोसळले. घरी आले ते ॲम्ब्युलन्समध्ये, आडवे. कांदा स्टँडवर होता तसाच होता.

माझा राग काही गेला नाही. वर्ष होत आलं, रोज भांडते मी ह्यांच्याशी. एक कांदा खिशात ठेवला असता तर काय झिजलं असतं का हो तुमचं? मेलेल्या माणसावर एवढं चिडू नये म्हणतात. म्हणू दे.

साहेबाला मी तसं होऊ देणार नाही. शेजारच्या आशाबाईंनी शेतातली कांद्याची गोणी आणून दिलीय. आजपासून ताकभाकरीत एक मोठा कांदा ठेचून रोज घालायचा.

१८ एप्रिल

लबाड आहे मेला. कांदा हुंगतो आणि तोंड फिरवतो. पण मी कोण? अंगणवाडीत जन्म गेला माझा. पोरांचं नाक दाबून जंताच्या गोळ्या पोटात घातल्यात, हा काय चीज आहे! अंड्यात कालवून दिला, चाटूनपुसून खाल्ला. मग म्हटलं, आता कसं?

रात्रीचा उरलेला झुणका पण दिला. त्यातही कांदा होताच. बरंच झालं, तेवढंच अंगाला थंड.

२१ एप्रिल, सोमवार

आजचं लिहायला लाज वाटते. पण लिहिते. वाचणारं कोण आहे?

दोन दिवस झाले, साहेब पुढच्या खोलीत ह्यांच्या खुर्चीखाली जाऊन पडतो. बोलावलं तर येत नाही. दूधवाला आला तरी भुंकला नाही. नुसता मान वर करून खुर्चीकडं बघत राहतो. मी म्हटलं, वर्ष भरत आलं, आठवण येत असंल बिचाऱ्याला.

दुपारी आतल्या खोलीत पडले होते. डोळा लागायच्या बेतात होता, तर पुढच्या खोलीतून आवाज. ह्यांचा श्वास. जेवून खुर्चीतच डुलकी काढायची सवय होती ह्यांना, तेव्हा असाच यायचा. जोरात, घाईघाईनं, मधेच अडकून, मग नाकातून सूं करून सुटलेला. तीस वर्षं ऐकलाय मी तो. त्याच्यावरून भांडलेय. चुकणार आहे का माझी?

उठून गेले. खुर्ची मोकळी. खाली साहेब, तोंड उघडं, मान ताणून खुर्चीकडं लावलेली. माझ्याकडं बघितलं त्यानं, आणि परत वर बघितलं.

ह्यांना कळलं तर माझी सालं काढतील. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावणारा माणूस. गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की हे पाण्याचा तांब्या घेऊन पुढं, "बाईला तहान लागली असंल, आधी पाणी पाजा." ज्यानं जन्मभर भुताला हसून वाटेला लावलं त्याचं भूत कसं होईल? मी शिकलेली बाई. विहारात बायकांना हेच सांगते मी, भूतबित काही नसतं म्हणून.

पण आवाज ह्यांचाच होता.

२३ एप्रिल

हे आजही आले. दुपारी जेवणं झाल्यावर, नेहमीच्या वेळेला. मी आत पडून ऐकत राहिले. उठून बघितलं नाही, उगं बघायला गेलं आणि थांबलं तर? लई दिवसांनी दुपारची गाढ झोप लागली.

साहेबाला मात्र उन्हाळी लागलीय. लघवी कोऱ्या चहासारखी होते, लालसर काळी. उन्हानं पोळलाय आतून. धने-जिऱ्याचं पाणी पाजलं. एका कांद्यानं भागत नाही, म्हणून आता दोन. रस काढून तळपायालाही चोळला. पाय गारच होते, पण धाप थांबत नाही. सावलीत, पंख्याखाली, आणि तरी धाप. असलं कसलं ऊन हे!

२५ एप्रिल, शुक्रवार

आशाबाई आल्या होत्या. साहेबाकडं बघून पदर तोंडाला लावला. "रत्नाबाई, ह्येचं काय खरं नाय बगा. अप्पारावभाऊ आल्याले हायत त्येला न्यायला. लई जीव व्हता त्येंचा त्येच्यावर. वर्साच्या आत येऊन नेत्यात आसं."

मी खवळले. म्हटलं, "आशाबाई, आमच्यात हे चालत नाही. घरात असलं बोलू नका."

"मंग तो खुर्चीकडं कामून बगतुया?" त्या म्हणाल्या. त्या माठातलं पाणी पिऊन गेल्या. जाताना दारातूनच खुर्चीला हात जोडले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या गेल्यावर साहेबाजवळ बसले. माझा हात आपोआप त्याच्या डोळ्याकडं गेला. सवय हो. गरोदर बाई दारात आली की आधी खालची पापणी ओढून बघायची, लाल आहे का पांढरी. रक्त कमी असलं की तिथं दिसतं. किती बायांना ओढत नेलं असंल मी दवाखान्यात, सासवांशी भांडून. साहेबाच्या पापणीपर्यंत बोट नेलं आणि मागं घेतलं.

का घेतलं ते लिहिते. बघितलं असतं तर न्यावं लागलं असतं. डॉक्टर त्याला ठेवून घेणार. मग दुपारी हे कुणासाठी येतील? माझ्यासाठी तर येत नाहीत, साहेबासाठी येतात. तो इथं आहे तोवर ह्यांचा श्वास आहे घरात. रत्नमालाबाई, काय लिहिता हे? मुक्या जनावराचा जीव चाललाय आणि तुम्हाला नवऱ्याचं घोरणं पाहिजे!

तरी आज नेलं नाही. सोमवारी वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. तेवढं होऊ दे.

२९ एप्रिल, मंगळवार

सगळं नीट लिहून काढते.

काल सकाळी भंतेजी आले. वंदना झाली, धम्मदेशना झाली. मांडवात शंभरेक माणूस. मोनाली पहाटेच पुण्याहून आली होती, तिला आल्याआल्याच साहेबाचं कळायला पाहिजे होतं. एरवी तिची बॅग खाली टेकायच्या आत अंगावर झेपावतो. काल शेपटी तेवढी जमिनीवर आपटली, तीही एकदाच. पण माणसांच्या गडबडीत राहून गेलं. पंगत उठल्यावर ती खुर्चीखाली वाकली.

"आई, ह्याला काय झालंय?"

"ऊन लागलंय."

"ऊन? हा तर गार पडलाय!" तिनं त्याचा ओठ उचलला आणि माझ्याकडं वळली. "आई, तू बायांच्या पापण्या बघतीस ना? ह्याची बघ."

"पाहुणे जाऊ दे आधी."

"आई, बघ म्हणते ना!"

पाहुण्यांच्या देखत ओरडली पोरगी. मी खाली बसले आणि बघितली. पांढरी फटक. वर पिवळी झाक. असली पापणी मी सगळ्या नोकरीत एखाददुसऱ्या बाईचीच बघितली असंल.

रिक्षात साहेब माझ्या मांडीवर. वाटभर मी ह्यांना म्हणत होते, सोडा हो त्याला, सोडा. मोठ्यानं म्हणत होते बहुतेक, कारण रिक्षावाला आरशातून बघायला लागला आणि मोनालीनं माझा हात धरला.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. साहेबाला आधी वजनकाट्यावर ठेवलं, हिरड्या बघितल्या, रक्त काढलं. ते रक्तही पाणचट. मग विचारलं, "काय काय खायला घालता?"

मी सांगायला लागले. अगदी ताठ मानेनं सांगितलं. ताकभाकरी, अंडं, धन्याचं पाणी. आणि उन्हासाठी रोज कांदा.

त्यांचा पेन थांबला. "कांदा? किती?"

"आधी एक मोठा. आता दोन. झुणक्यातला, रश्श्यातला वेगळा."

"कधीपासून?"

"जयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून."

त्यांनी वजनाच्या आकड्याकडं परत बघितलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "मावशी, कांदा कुत्र्याला विषासारखा आहे. माणसाला पचतो, कुत्र्यांना नाही. त्याच्या रक्तातल्या लाल पेशी कांद्यानं फुटतात. फुटलेलं रक्त लघवीतून जातं. लघवी काळपट होत होती का?"

"उन्हाळी लागली होती," मी म्हटलं.

"उन्हाळी नव्हती ती."

मोनालीनं विचारलं, "पण मॅडम, कुत्री कधीमधी भाजीतला तुकडा खातातच की."

"एखाद्या तुकड्यानं मोठ्या कुत्र्याला बहुतेक काही होत नाही. आम्ही तीन गोष्टी बघतो, कुत्र्याचं वजन किती, कांदा पोटात किती गेला आणि किती वेळा गेला. ह्याच्या वजनाला एवढा मोठा कांदा एकदाच खाल्ला असता तरी मी म्हटलं असतं, घेऊन या. हा रोज खात होता. रोज थोड्या पेशी फुटत गेल्या, नव्या व्हायला वेळच मिळाला नाही. शिजवला, तळला, वाळवला तरी तेच. लसणाचंही तेच. आणि लगेच दिसत नाही हे, दोनचार दिवसांनी दिसतं. म्हणून लोकांना कळतच नाही कशानं झालं."

वजन, किती, किती दिवस. अंगणवाडीत मी दुसरं काय केलं? पोराला काट्यावर घालायचं आणि वजनाला बघून द्यायचं. आणि घरच्या जनावराला मी मापाशिवाय विष घातलं. वर लाडानं, अंड्यात कालवून.

साहेब टेबलावर पडला होता. तोंड उघडं, मान वर ताणलेली. श्वास चालला होता. जोरात, घाईघाईनं, मधेच अडकून, मग नाकातून सूं. मी डोळे मिटून ऐकलं. तोच. हुबेहूब तोच. आणि तिथं खुर्ची नव्हती, हे नव्हते, पांढऱ्या फरशीचा दवाखाना होता.

"असा का श्वास घेतो हा?" मी विचारलं.

"रक्तच नाही ना, हवा पुरत नाही त्याला. मान वर केली की जरा बरं वाटतं, म्हणून असं वर बघत राहतात."

मी बाकावर बसले. सोडा हो त्याला, म्हणत होते मी ह्यांना वाटभर. ह्यांनी धरलंच नव्हतं. धरलं होतं मी.

३० एप्रिल

रक्त द्यावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, दुसरं धट्टंकट्टं कुत्रं असलं तर आणा, तपासून बघू जुळतं का. मोनालीनं आशाबाईंना फोन लावला. मला वाटलं, ही बाई कसली येते! आल्या. शेतावरचा भुऱ्या, वासराएवढं जनावर, त्याला टेम्पोत घालून आल्या. टेम्पोतून उतरतानाच सगळं ऐकलं मोनालीकडून आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आगं माय माय! माज्याच गोणीतलं कांदं! मंग रगत बी माज्याच कुत्र्याचं घ्या, फिट्टंफाट." मग माझ्याजवळ बसल्या, हळूच म्हणाल्या, "रत्नाबाई, म्या उगं भाऊंचं नाव घेतलं. माप करा." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. आमच्यात चालत नाही म्हणून डाफरले होते आशाबाईंवर, आणि त्यांच्याहून जास्त विश्वास माझाच होता.

भुऱ्याचं रक्त जुळलं. निघताना डॉक्टरांना एक विचारलं. वर्षभर पोटात होतं ते.

"मॅडम, माणसाला तरी लागू पडतो का हो? खिशातला कांदा. ऊन लागू नये म्हणून."

त्या थकल्या होत्या, पण हसल्या नाहीत. "खिशातल्या कांद्यानं काही होत नाही, मावशी. सावली, पाणी, डोक्यावर रुमाल. आणि चक्कर आली की लगेच दवाखाना."

"म्हणजे खिशात असता तरी..."

"काही फरक पडला नसता," त्या म्हणाल्या. त्यांना काय माहीत मी कुणाचं विचारते ते.

३ मे, शनिवार

साहेब अजून दवाखान्यात. सकाळी उठून उभा राहिला म्हणे. मोनाली पुण्याला गेली, तिची सुट्टी संपली.

दुपारी पडले. घरात चिटपाखरू नाही. वाट बघितली. खरंच बघितली, कशाला खोटं लिहू? मनात म्हटलं, साहेबाचा श्वास असंल तर असंल, पण ह्यांचाही कशावरून नव्हता? पंखा फिरत होता. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. दुसरं काही ऐकू आलं नाही.

८ मे

साहेब घरी आला. गाडीतून उतरल्याबरोबर दूधवाल्याच्या सायकलवर धावून गेला. दूधवाला कधी नव्हे ते भुंकणं ऐकून खूश! हिरड्या गुलाबी व्हायला लागल्यात. मी दिवसातून दहादा ओठ उचलून बघते, आता तोच माझ्यावर गुरगुरतो.

खुर्चीखाली गेला नाही. दारात, मधोमध झोपतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात जाऊन आले. खीर केली. आशाबाईंना डबा पाठवला, भुऱ्यासाठी वेगळ्या भाकरी. बायकांनी विहारात विचारलं, कुत्र्याचं काय झालं होतं? सांगितलं सगळं, कांद्याचंही. दोघीतिघींनी परत विचारलं, किती कांदा? त्याही घालत असतील उन्हासाठी. घरी जाऊन कुत्र्याची पापणी बघा, म्हटलं.

दुपारी आतल्या खोलीत पडले. साहेब पुढं झोपला होता. आवाज नाही. धडधाकट जनावर झोपलं की त्याचा आवाज येत नाही. मी कान देऊन ऐकलं.

शेवटी उठले आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसले. म्हटलं, भांडण काढावं. भांडण काढलं की हे जवळ आहेत असं वाटायचं, वर्षभर तेवढ्यावरच काढलं मी. रोजच्यासारखी सुरुवात केली, "एक कांदा खिशात ठेवला असता तर..." आणि पुढं येईना. तर काय? काही नाही. काही फरक पडला नसता. दुसरं भांडण शोधलं, सापडलं नाही. भला माणूस होता हो. भांडायला दुसरं ठेवलंच काय होतं त्यांनी?

मग म्हटलं, "अहो, तुमचंच खरं होतं. अडाणीपणा होता माझा."

तीस वर्षांच्या संसारात मी एकदाही म्हटलं नव्हतं, तुमचं खरं. हे वाट बघायचे त्याची, मुद्दाम चिडवायचे, "एकदा तरी म्हण गं!" आज म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, आणि ऐकायला हे नव्हते. खुर्चीत नव्हते, घरात नव्हते, कुठंच नव्हते. ॲम्ब्युलन्समधून उतरवलं तेव्हा मी रडले नव्हते एवढी आज रडले.

साहेब जागा झाला. खुर्चीला वळसा घालून आला, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं. माझं तोंड चाटलं आणि जेवणाच्या ताटलीपाशी जाऊन उभा राहिला. भूक लागली होती त्याला. मी उठले आणि कोरडी भाकरी दुधात कुस्करून दिली.